तळघरातील संगीत आणि मंद्र ध्वनीची गळती

उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत हिवाळ्यात जमीन काही खोलीपर्यंत गोठते, म्हणून घराचा पाया त्या थराच्याही खाली न्यावा लागतो. एवढे खोदकाम करावयाचेच, तर तेथे एक मजला का काढू नये, या विचाराने तिकडे तळघरे सर्रास बांधली गेली. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ‘तळघर’ म्हणताच जुन्या वाड्यातील कोंदट, अंधारी खोली उभी राहते. येथे मात्र काँक्रीटच्या भिंतींची ऐसपैस जागा अभिप्रेत आहे. बॉब डिलन आणि ‘द बँड’ या वाद्यवृंदाने १९६७ साली न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट सॉगर्टीझ येथे अशाच एका तळघरात ध्वनिमुद्रणे केली. ते घर पडले आडबाजूला. ज्यांच्या डोक्यावर मुले झोपलेली असतात आणि शेजाऱ्याची भिंत ज्यांच्या भिंतीला लागून असते, त्यांचा प्रश्न अधिक बिकट असतो.

तळघराच्या भिंतींमागील माती ध्वनीला चांगलीच अडविते. दुबळी बाजू म्हणजे माथ्यावरची: लाकडी तुळया, त्यांवर फळ्यांची जमीन आणि खालून जिप्समच्या तक्त्यांचे छत. गाणे बहुतांशी या छतातच अडते, परंतु बेस गिटार आणि मोठा ढोल यांचा मंद्र ध्वनी वर जातो. असे का व्हावे?

बेस गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, म्हणजे तिची कंप्रता ४१ हर्ट्झ होय. या ध्वनीची हवेतील तरंगलांबी आठ मीटरांहून अधिक भरते. १,००० हर्ट्झच्या स्वराची जेमतेम ३४ सेंटिमीटर. एकेरी भिंतीपुरता ढोबळ नियम असा, की तिचे दर चौरस मीटरचे वस्तुमान दुप्पट केले तर ध्वनिरोध सुमारे ६ डेसिबलांनी वाढतो आणि ध्वनीची कंप्रता निम्मी झाली तर तेवढ्यानेच घटतो. साहजिकच जो तक्ता १,००० हर्ट्झच्या स्वराला थोपवितो, तोच ४० हर्ट्झच्या स्वरापुढे सुमारे २८ डेसिबलांनी उणा पडतो. मानवी कान मंद्र ध्वनीला मुळात मंद असतो, ही निसर्गाची कृपाच. ५० हर्ट्झचा स्वर चाळीसहून अधिक डेसिबलांचा झाल्याखेरीज तो ऐकूच येत नाही. परंतु हा उंबरठा ओलांडला, की थोड्याशा वाढीनेही तो झपाट्याने मोठा भासू लागतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या आलेखांत हे स्पष्ट दिसते. शेजाऱ्याच्या वाट्याला सूर येत नाही. येतो तो केवळ धपधपाट.

या दुखण्यावर हौशी वादक जो पहिला उपाय करतात, तो बहुधा वाया जातो. भिंतींना फोमचे तक्ते चिकटवावेत, अंड्यांचे पुठ्ठे ठोकावेत, गोधड्या टांगाव्यात! ध्वनिशोषण आणि ध्वनिरोधन या दोन भिन्न गोष्टी आहेत. वॉलेस सेबाइन या भौतिकीविदाने १८९५ पासून हार्व्हर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात आसनांच्या गाद्या मांडून प्रयोग केले, ते खोलीच्या आत घुमणारा ध्वनी कमी करण्यासाठी. बाहेर जाणारा अडविण्यासाठी नव्हे. शिवाय आठ मीटरांच्या तरंगाला पाच सेंटिमीटरांचा फोम शोषणार तो किती?

बाजारातील आकड्यांवरही विसंबू नये. अमेरिकेत भिंती व छते यांना ध्वनिरोधाचा जो अंक देतात, त्याच्या हिशेबात १२५ हर्ट्झपासून ४,००० हर्ट्झपर्यंतचेच ध्वनी धरलेले असतात. आपला ४१ हर्ट्झचा शत्रू त्या हिशेबाबाहेरच राहतो.

खरा उपाय म्हणजे वजनदार, हवाबंद आणि परस्परांपासून अलग असे दोन थर. अशा दोन थरांमधील हवा स्प्रिंगसारखी वागते, आणि म्हणून त्या रचनेची स्वतःची एक कंप्रता असते. दर चौरस मीटरला १० किलोग्रॅम वजनाचे दोन थर १० सेंटिमीटरांच्या अंतरावर असतील, तर ती ८५ हर्ट्झच्या आसपास येते. तिच्या जवळपासचा ध्वनी ही दुहेरी रचना तेवढ्याच वजनाच्या एकेरी भिंतीपेक्षाही सहज सोडते. वजन आणि अंतर दोन्ही दुप्पट करावीत, म्हणजे ती ४२ हर्ट्झवर उतरते. म्हणूनच जुन्या छताखाली चार बोटे जागा सोडून नवे छत ठोकणारा पैसे खर्चून मंद्र ध्वनीची वाट अनेकदा सुकरच करतो. जुने छत उतरवावे, वरच्या जमिनीच्या फळ्यांना तुळयांमधून जड तक्ते लावावेत, पोकळीत काचलोकर भरावी आणि नवे छत आतल्या स्वतंत्र भिंतींवर, तुळयांना स्पर्श न करता पेलावे. तुळईपर्यंत गेलेला लांब स्क्रू किंवा दोन्ही थरांना भिडलेला नळ हे या रचनेतले चोरदरवाजे होत.

फटी बुजविताना एक सावधगिरी मात्र जिवाच्या मोलाची आहे. या तळघरांत बहुधा घर तापविणारी गॅसची भट्टी आणि पाण्याचा बंब असतो. त्यांचा हवेचा मार्ग बंद झाला, तर ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू घरात साचू शकतो. भट्टीची हवा तोडू नये. वादनाच्या खोलीलाही, आतून शोषक अस्तर लावलेल्या वळणदार नळीतून, ताजी हवा द्यावी.

उरतो प्रश्न जमिनीतून जाणाऱ्या कंपनांचा. ढोलवादक प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून चौथरा करतात, आणि ही युक्ती हास्यास्पद नाही. वजनाने चौथरा अडीच मिलिमीटर दबला, तर त्याची स्वतःची कंप्रता १० हर्ट्झच्या आसपास येते व ४० हर्ट्झचे कंपन खाली फारसे पोहोचत नाही. चेंडू कडक असून तो अर्धा मिलिमीटरही दबला नाही, तर लाभ बराच घटतो.

तोडफोड सुरू करण्यापूर्वी एक साधी परीक्षा घ्यावी. ध्वनिवर्धकातून ३० ते १२० हर्ट्झचे स्वर एकामागून एक संथपणे वाजवावेत आणि घरातील दुसऱ्या कोणी वरच्या शयनगृहात बसून कोणता स्वर केव्हा ऐकू आला, हे टिपून ठेवावे. एकच स्वर उठून दिसत असेल, तर ध्वनिवर्धक खोलीच्या कोपऱ्यातून हलवूनही पुष्कळदा भागते. सगळेच स्वर वर पोहोचत असतील, तर गवंडी-सुताराला बोलवावे. आणि तेवढी ऐपत नसेल, तर रात्री कर्णफोन लावावा.