फिनलंडच्या शाळेत असं आहे तरी काय? मुळशीतल्या पालकांनी समजून घ्यावं असं थोडं

पौड (ता. मुळशी), प्रतिनिधी : जून जवळ आला की तालुक्यात घरोघरी एकच चर्चा सुरू होते. पोराला गावच्या झेडपीच्या शाळेत ठेवायचं, की व्हॅन लावून पिरंगुटकडच्या इंग्रजी शाळेत घालायचं? त्यात कोणीतरी मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवतं आणि म्हणतं, "फिनलंडची शाळा बघा!" पण तिथं नेमकं काय चालतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

आपल्या देशातले शिक्षकही ते पाहायला जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंजाब सरकारने ७२ प्राथमिक शिक्षक फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात प्रशिक्षणाला पाठवले होते. असे गुरुजी तिथल्या प्राथमिक शाळेत गेले, तर त्यांना काय दिसतं?

चपला दाराबाहेर

पहिली गोष्ट ओळखीचीच. पोरं बूट बाहेर काढून वर्गात बसतात, आपल्या झेडपी शाळेसारखीच. पहिलीला वय सात लागतं. त्याआधी एक वर्ष पूर्वप्राथमिकचं. पहिली-दुसरीला दिवसाला जास्तीत जास्त पाच तासिका. साधारण ४५ मिनिटं शिकवलं की १५ मिनिटं सुट्टी, आणि त्या सुट्टीत पोरं बर्फातसुद्धा मैदानावर. सुतारकाम आणि शिवणकाम मुलगा-मुलगी दोघांनाही शिकावं लागतं.

दुपारचं जेवण सगळ्यांना फुकट. हे तिथं १९४८ पासून देशभर आहे. आपली देशव्यापी पोषण आहार योजना १९९५ ची.

मोठी, देशपातळीवरची परीक्षा एकच, तीही आपल्या बारावीच्या टप्प्यावर. मग पोरगं शिकतंय की नाही, हे कळतं कसं? वर्गातले शिक्षकच ते तपासत राहतात. जो मागे पडला, त्याला नापासाचा शिक्का बसायच्या आधी जादा शिकवतात.

खरी गोम कुठे?

हे सगळं पाहून वाटेल, सुट्टी वाढवली आणि परीक्षा काढल्या की झालं फिनलंड. तसं नाही. तिथं १९७२ ते १९७७ या काळात एक मोठा बदल झाला. गरिबाची शाळा वेगळी आणि पुढं शिकणाऱ्याची वेगळी, ही पद्धत मोडून सगळ्यांसाठी एकच नऊ वर्षांची शाळा केली. सुरुवात उत्तरेकडच्या दुर्गम भागातून झाली, राजधानी शेवटी. पुढं वर्गशिक्षक व्हायलाही पदव्युत्तर पदवी सक्तीची झाली. फी घेणाऱ्या शाळा जवळपास नाहीतच. डॉक्टरचं पोरगं आणि शेतकऱ्याचं पोरगं एकाच बाकावर बसत असल्यामुळं शाळेची कौलं गळाली तर सगळेच बोलतात.

आपल्याकडे उलटं होतं. ज्याला परवडतं तो पोरगं काढून नेतो. पट घसरतो, मग शाळाच राहणार का, असा प्रश्न येतो.

शाळा लांब गेली तर?

राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा काही वर्षं सुरू आहे. फिनलंडमध्येही खेड्यातल्या बऱ्याच छोट्या शाळा बंद झाल्या. पण घर ते शाळा अंतर पाच किलोमीटरपेक्षा जास्त असेल, तर पोराची ने-आण फुकट करणं तिथल्या स्थानिक पालिकेवर कायद्यानं बंधनकारक आहे.

आपल्या नियमात प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवी तीन किलोमीटरच्या आत हवी. ताम्हिणीच्या पावसात, ओढ्याला पाणी असताना, धरणाकाठच्या वाडीतल्या सात वर्षांच्या पोरीला एक किलोमीटरही लांबच असतो. म्हणून शाळा हलवायची गोष्ट निघाली, की पहिला प्रश्न गाडीचा विचारायला हवा.

तिथंही सगळं गोड नाही

आंतरराष्ट्रीय पिसा चाचणीत फिनलंडचे गणिताचे गुण २००६ मध्ये ५४८ होते, २०२२ मध्ये ४८४ वर आले. १ ऑगस्ट २०२५ पासून तर तासाला मोबाईल वापरायला कायद्यानंच बंदी आली. शिक्षकांनी परवानगी दिली तरच वापरता येतो. तेव्हा सगळं डोळे झाकून उचलण्यात अर्थ नाही. आणि देश तसा छोटा, लोकसंख्या साधारण ५६ लाख, पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी.

आपल्या हातात काय?

शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिलीय. तिच्यात किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात. शाळेचा विकास आराखडा ही समितीच करते. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना बाहेरची कामं लावू नयेत, हेही त्याच कायद्यात आहे.

समितीच्या बैठकीला किती पालक जातात? सही घरी आणून घेतली जात असेल, तर ती समिती कागदावरच राहते. पुढच्या बैठकीला भाताची कामं थोडी बाजूला ठेवून जा आणि तीन गोष्टी विचारा : आपलं पोरगं वाचतं का, मागे पडलेल्याला जादा वेळ कोण देतं, आणि गुरुजींचा किती वेळ कागदांत जातो. त्यासाठी फिनलंडला जावं लागत नाही.