नंबर असतो कंपनीच्या वहीत

एसटी स्टँडसमोरच्या कुठल्याही मोबाइल दुकानात थोडा वेळ उभं राहा. एक संवाद हमखास कानावर पडेल.

"रिचार्ज मारायचाय रे."

"नंबर सांगा, मावशी."

"नंबर कुठला पाठ बाबा! पोराला ठाऊक."

दुकानदाराला याचं काही नवल वाटत नाही. तो मावशींचा फोन हातात घेतो, त्यावरून स्वतःच्या फोनला मिस कॉल देतो आणि उमटलेले दहा आकडे बघून रिचार्ज मारतो. व्हॅलिडिटी संपून आउटगोइंग बंद पडलं असेल तर मिस कॉलही जात नाही. मग तो फोनचं मागचं झाकण नखाने उचकटतो. आत बॅटरीवर पांढरी पट्टी चिकटवून पोराने बॉलपेनने नंबर लिहून ठेवलेला असतो. शेवटचे दोन आकडे घामाने पुसले गेले असतील तर पोराला फोन लावण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि पोराचा नंबर मावशींच्या फोनमध्ये 'बाळ्या' म्हणून सेव्ह असतो, ही त्यातल्या त्यात सोय.

मावशींना हसण्यात अर्थ नाही. फोनमध्ये दोन सिम टाकून फिरणाऱ्या साहेबांना दुसऱ्या सिमचा नंबर विचारून बघा. आपण आपल्यालाच कधी फोन करत नाही, त्यामुळे तो पाठ होण्याचा प्रश्नच येत नाही. पण खरी गंमत पुढे आहे. आपल्याला नंबर माहीत नसतो तसा तो आपल्या फोनलाही बऱ्याचदा माहीत नसतो.

सिमकार्डावर काय असतं? एक पंधरा अंकी ओळख क्रमांक असतो, त्याला आयएमएसआय म्हणतात. भारतातल्या सिमचा हा क्रमांक ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो. शिवाय एक गुप्त किल्ली असते, १२८ बिटांची, जी कार्डाबाहेर कधीच येत नाही. प्लास्टिकवर छापलेला १९-२० अंकी आकडा असतो तो कार्डाचा अनुक्रमांक. त्याची सुरुवात ८९९१ ने होते, त्यातले ९१ आपल्या देशाचे. यांतला एकही आकडा म्हणजे तुमचा मोबाइल नंबर नव्हे. सिममध्ये नंबर लिहून ठेवायला एक कप्पा असतो खरा, पण तो भरायचा की नाही हे कंपनीच्या मर्जीवर. कप्पा रिकामा असला की सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडल्यावर नंबराच्या जागी 'अननोन' दिसतं. आयफोनमध्ये तर 'माय नंबर' हा रकाना आपल्याला हाताने बदलता येतो, म्हणजे तिथे दिसतो तो नंबर खरा असेलच असं नाही.

मग नंबर असतो कुठे? तो असतो कंपनीच्या वहीत. या वहीला तांत्रिक भाषेत होम लोकेशन रजिस्टर म्हणतात. अमुक सिम म्हणजे तमुक नंबर, आणि ते सिम या घडीला कुठल्या भागात आहे, एवढी नोंद तिच्यात असते. कुणी तुमचा नंबर फिरवला की यंत्रणा आधी वही बघते आणि मग तुमचा फोन वाजतो. तुम्ही कुणाला फोन लावता तेव्हाही तुमचं सिम फक्त स्वतःची ओळख पटवतं. समोरच्याच्या पडद्यावर उमटणारा नंबर कंपनी वहीतून काढून लावते. दुकानदाराचा मिस कॉल इतका भरवशाचा ठरतो तो यामुळेच. त्यात प्रत्यक्ष वही बोलते.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्याचंही कारण हेच. ही सोय हरियाणात २५ नोव्हेंबर २०१० ला सुरू झाली, २० जानेवारी २०११ पासून देशभर, आणि ३ जुलै २०१५ पासून एका सर्कलमधून दुसऱ्या सर्कलमध्ये जातानाही. सिम नवं येतं, नंबर जुनाच राहतो, फक्त नोंद बदलते. परिणामी नंबरावरून माणूस कुठला हे ओळखण्याचा जुना खेळ मात्र संपला. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला. त्यानंतर बरीच वर्षं पहिले चार आकडे म्हणजे माणसाचा पत्ताच होता. ९८२० म्हणजे मुंबईकर, ९८२२ म्हणजे उरलेला महाराष्ट्र किंवा गोवा, ९४२२ म्हणजे बीएसएनएल, ९८६९ म्हणजे मुंबईचं एमटीएनएल. आज ९८२२ वाला माणूस बंगळुरूत राहून तिसऱ्याच कंपनीची बिलं भरत असतो. तरी जुना ९८२२ बाळगणाऱ्यांचा तोरा अजून कमी झालेला नाही, हे जाता जाता सांगायला हवं.

शेजारी मिस कॉल द्यायला कुणी नसेल तर वहीलाच विचारायचे छोटे कोड आहेत. एअरटेलसाठी *२८२#, व्हीआयसाठी *१९९#, बीएसएनएलसाठी *२२२#. जिओवाल्यांना मायजिओ ॲपमध्ये नंबर दिसतो. कंपन्या हे कोड अधूनमधून बदलतात, म्हणून एखादा चालला नाही तर फोन बिघडला असं समजू नका, कस्टमर केअरला विचारा. दोन सिमवाल्यांनी कोड कुठल्या सिमवरून जातोय ते आधी बघावं, नाहीतर एकाचा नंबर दुसऱ्याचा समजून बँकेच्या फॉर्मवर लिहिला जातो. आणि *#०६# दाबून जो लांबलचक आकडा येतो तो आयएमईआय. तो हँडसेटचा क्रमांक. फोन चोरीला गेला तर पोलिसांत तोच लागतो, पण रिचार्जला त्याचा काडीचा उपयोग नाही.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये नावावर बोट ठेवलं की नंबर दिसतो, बरेचजण तिथूनच वाचून दाखवतात. तो असतो व्हॉट्सॲपचा नंबर. आत्ता फोनमध्ये असलेल्या सिमचाच असेल असं नाही. जुनं सिम काढून वर्ष झालं तरी व्हॉट्सॲप जुन्याच नंबरावर चालू असलेली माणसं तुमच्याही ओळखीत असतील.

यूपीआय ॲप या भानगडीत पडतच नाही. नोंदणीच्या वेळी ते फोनला नंबर विचारून थांबत नाही, तुमच्या सिमवरून बँकेच्या यंत्रणेकडे गुपचूप एक एसएमएस धाडतं. एसएमएस कुठल्या नंबरावरून आला हे बँकेला नेटवर्ककडून कळतं आणि तो खात्याला जोडलेल्या नंबराशी ताडून पाहिला जातो. 'व्हेरिफिकेशन फेल' झालं की आपण ॲपला शिव्या घालतो. बऱ्याचदा एसएमएस जायला सिममध्ये पैसे नसतात, किंवा खात्याला वेगळाच नंबर जोडलेला असतो.

हा 'वेगळाच नंबर' सध्या लोकांना फार छळतो. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा ओटीपी येणार होता आधारला जोडलेल्या मोबाइलवर. आधार काढून वर्षं लोटलेली. तेव्हा दिलेला नंबर कुणाचा, दिराचा की शेजाऱ्याचा, हे घरात कुणालाच आठवेना, अशी घरं कमी नव्हती. आधारच्या संकेतस्थळावर आधारची वैधता तपासायची सोय आहे, तिथे जोडलेल्या नंबराचे शेवटचे तीन आकडे दिसतात. तेवढ्यावरूनही घरातल्या घरात उलगडा होतो.

जुना नंबर वापरात नसेल तर प्रकरण आणखी नाजूक. प्रीपेड सिम ९० दिवस काहीच वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते, शिलकीत २० रुपये असतील तर गोष्ट वेगळी. बंद झालेला नंबर ९० दिवस तरी बाजूला ठेवतात, मग तो दुसऱ्या कुणाला मिळतो. म्हणजे तुम्ही विसरलेला नंबर कुणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजायला लागतो, आणि बँकेत तो बदलला नसेल तर तुमचे ओटीपीही त्याच खिशात जातात. यात त्या माणसाचा काही दोष नाही. नंबर बदलल्यावर सगळ्यांत आधी जायचं ते बँकेत, नातेवाइकांना कळवणं त्यानंतर.

उलटी बाजूही आहे. आपल्या नावावर किती नंबर आहेत? केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचं संचार साथी हे संकेतस्थळ मे २०२३ मध्ये सुरू झालं. तिथे आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावरच्या सगळ्या जोडण्यांची यादी दिसते. माणशी कमाल नऊ जोडण्या चालतात, जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत सहा. यादीत अनोळखी नंबर निघाला तर तो आपला नाही असं तिथेच कळवता येतं. कधीकाळी सिम घेताना दिलेल्या आधारच्या झेरॉक्सचं पुढे काय झालं, याचा पत्ता अनेकांना इथेच लागतो.

कोडबद्दल एक इशारा देऊन ठेवतो. 'तुमचं सिम बंद होणार आहे, हा कोड दाबा' असं सांगून *४०१* आणि पुढे एक मोबाइल नंबर फिरवायला लावणारे भामटे होऊन गेले. त्या कोडने तुमचे कॉल सरळ त्यांच्या फोनवर वळतात आणि फोनवरून सांगितला जाणारा ओटीपीही त्यांना ऐकू जातो. अशा कोडने कॉल वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून थांबवण्याचे आदेश दूरसंचार विभागाने दिले. भामटे मात्र रोज नवी क्लृप्ती काढतात. नंबर कळवणारे कोड छोटे असतात आणि त्यांत दुसऱ्या कुणाचा नंबर टाकावा लागत नाही. एवढी खूण लक्षात राहिली तरी पुष्कळ.

भाऊबीजेला बहिणीकडे जाल, किंवा गावी आईवडिलांकडे, तेव्हा फराळ झाल्यावर त्यांचा फोन मागून घ्या. त्यावरून स्वतःला एक मिस कॉल द्या, नंबर जाड पेनाने कागदावर लिहून कागद पासबुकात ठेवा, आणि आधारला व बँकेला तोच नंबर आहे ना ते बघा. नसेल तर सुट्टी संपवून परतण्याआधी बँकेची एक चक्कर मारून या.