पेंढीत बांधलेला पाऊस

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, तेव्हा देशभरच्या वाहिन्यांचे कॅमेरे लातूरच्या स्टेशनावर होते. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आल्या. एका वाघिणीत पन्नास हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली आणि एका फेरीत २५ लाख लिटर पाणी येऊ लागलं. शहराच्या नळांसाठी हा आकडा मोठाच. शेताच्या मापाने मात्र तो अगदीच किरकोळ निघतो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. हजार हेक्टर शिवाराच्या गावावर तोच एक मिलिमीटर म्हणजे एक कोटी लिटर. लातूरची ती अख्खी गाडी अशा एका गावावर ओतली असती, तर पाव मिलिमीटर पाऊस झाला असता. त्याने फार तर धुरळा बसला असता.

आता त्याच्या आधीच्या पावसाळ्यात काय हुकलं होतं ते बघा. मराठवाड्यात जून ते सप्टेंबर सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २०१५ मध्ये त्यात ४० टक्के तूट आली, म्हणजे सुमारे २७० मिलिमीटर पाऊस आलाच नाही. मराठवाड्याचं क्षेत्रफळ साडेचौसष्ट हजार चौरस किलोमीटर. गुणाकार केला की न आलेलं पाणी १७ लाख कोटी लिटरच्या वर जातं. काठोकाठ भरलेली सहा जायकवाडी धरणं होतील एवढं ते पाणी. रेल्वेने आणायचं म्हटलं तर पन्नास वाघिणींच्या सत्तर लाख फेऱ्या लागतील. दर मिनिटाला एक गाडी, रात्रंदिवस, अशा तेरा वर्षं गाड्या सोडत बसावं लागेल.

माणसांच्या तहानेची बातमी झाली. जनावरांच्या भुकेचा हिशेब मात्र बाजारात, शेकडा पेंढ्यांच्या भावात होत राहिला.

वैरण म्हणजे वाळवलेलं पाणीच, असं म्हटलं तर अतिशयोक्ती वाटेल. म्हणून आकड्यांनीच बघू. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात अ‍ॅक्रन इथे ब्रिग्ज आणि शँट्झ या दोन शास्त्रज्ञांनी १९१० च्या दशकात कुंड्यांमध्ये पिकं वाढवली. कुंड्या पुन्हा पुन्हा तोलून त्यांनी एक साधा प्रश्न सोडवला: एक किलो कोरडं पीक उभं करायला रोप किती पाणी पितं? ज्वारीचं उत्तर आलं सुमारे ३०० लिटर. लसूणघासाचं आठशेच्या वर. हे नुसतं पानांवाटे हवेत गेलेलं पाणी. उघड्या जमिनीतून उडालेलं, ओढ्याला वाहून गेलेलं वेगळंच.

तर ज्वारीच्या वाळलेल्या ताटांची, म्हणजे कडब्याची, दोन किलोची एक पेंढी म्हणजे ६०० लिटर पाणी. पाच पेंढ्यांचा पाचुंदा म्हणजे तीन हजार लिटर. शंभर पेंढ्यांचा शेकडा म्हणजे साठ हजार लिटर, लातूरच्या गाडीच्या एका वाघिणीपेक्षा जास्त. टपावर फुगवून, दोरखंडांनी आवळून आठ टन कडबा भरलेला ट्रक तुमच्या गाडीपुढे झुलत चालतो आणि तुम्ही वैतागून हॉर्न वाजवता. त्या एका ट्रकात २४ लाख लिटर पाणी असतं. पन्नास वाघिणींची गाडी सहा चाकांवर बसवलेली!

असे किती ट्रक लागतात? २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गायबैल १ कोटी ३९ लाखांच्या आसपास आणि म्हशी-रेडे ५६ लाख होते. दुभत्या संकरित गाईला दिवसाला दहा किलो कोरडी वैरण लागते, गावरान बैलाचं सहा-सात किलोत भागतं, वासराला दोन किलो पुरतात. हात आखडता घेऊन सरासरी पाच किलो धरली, तरी रोजचे साडेसत्त्याण्णव हजार टन होतात. म्हणजे बारा हजार ट्रक. एकामागे एक उभे केले तर रांग मुंबईहून पुण्याला पोचेल. हे एका दिवसाचं. उद्या पुन्हा तेवढीच रांग लागणार, आणि शेळ्या-मेंढ्या अजून मोजलेल्याही नाहीत. यातली बहुतेक वैरण ट्रकात चढतच नाही. ती बांधावर, माळावर, गोठ्यामागच्या गंजीत असते. म्हणून या गरजेचा आकार एरवी कुणाला दिसत नाही. तो दिसतो पाऊस हुकल्यावर, जेव्हा गंजी संपते आणि प्रत्येकाला विकतची वैरण लागते.

कडब्याचा भाव ठरतो तो ज्वारी कापण्याच्या कितीतरी आधी. मंगळवेढा, मोहोळ, बार्शीकडच्या काळ्या रानात रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पेरतात आणि मग ती बहुतेक जमिनीतल्या ओलीवरच वाढते. मीटरभर खोल काळी जमीन पिकाला घेता येईल असं १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. हेक्टरी पंधरा-वीस लाख लिटरची ही अदृश्य टाकी भरायची ती उत्तरा आणि हस्ताच्या पावसाने. हस्त बरसला की टाकी भरली. तो कोरडा गेला की फेब्रुवारीत ताट गुडघ्याएवढं राहणार, हे शेतकऱ्याला दसऱ्यालाच कळतं, आणि कडब्याच्या व्यापाऱ्यालाही. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला ३१ ऑक्टोबरला. वैरणीच्या बाजाराने तो त्याआधीच ओळखला होता.

पाऊस कमी पडून भाव चढतो, तसा नको तेव्हा पडूनही चढतो. कापणीनंतर पेंढ्या रानात उभ्या असतात किंवा गंजी रचायची राहिलेली असते, आणि नेमका तेव्हाच अवकाळी येतो. भिजलेला कडबा काळा पडतो, कुबट वास मारतो, बुरशी धरतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने हे फार मोठ्या पट्ट्यात केलं. दुष्काळात सगळ्याच कडब्याचा भाव वर जातो. अवकाळीत एकाच गावात दोन भाव होतात. पांढराधोट कडबा हातोहात जातो, काळ्याला गिऱ्हाईक नाही. जाणता घेणारा गंजीच्या वरची पेंढी बघतच नाही. तो मधल्या थरातून एक उपसतो, हाताने तोलून बघतो, आत बारीक ताटं दडवली नाहीत ना हे आळा सैल करून पाहतो. पानं शाबूत आहेत का, हे तर बघायचंच, कारण जनावर आधी पानं खातं आणि जाड धांडं गव्हाणीत ठेवून देतं. मग तो ताट मोडून गाभा दाताखाली धरतो. गोड लागला तर घासाघीस सुरू. मालदांडीला मान आहे तो या ताटामुळे. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला हा वाण १९३० च्या दशकातला, आणि अजूनही टिकून आहे. नंतर आलेल्या कित्येक वाणांनी दाणा जास्त दिला, पण गुरांनी त्यांचा कडबा पसंत केला नाही.

आता पैशाचा हिशेब. बऱ्या वर्षी शेकडा हजार-बाराशेला मिळणारा कडबा २०१८-१९ च्या हंगामात ठिकठिकाणी अडीच हजारांवर गेला. पेंढी दोन किलोची धरली तर साडेबारा रुपये किलो. त्या वर्षी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला २,४५० रुपये होता, म्हणजे साडेचोवीस रुपये किलो. माणसाच्या धान्याच्या निम्म्या दराने धांडं विकलं जात होतं. एका हेक्टरला आठ क्विंटल ज्वारी आणि वीस क्विंटल कडबा निघाला असं समजा. दाण्याचे १९,६०० रुपये होतात आणि कडब्याचे २५,०००. ज्याला आपण दुय्यम उत्पन्न म्हणतो, ते मुख्य पिकाच्या पुढे गेलं. अर्थात हे ज्याच्या रानात ओल होती त्यालाच. बाकीचे सगळे त्या वर्षी घेणाऱ्यांच्या रांगेत होते.

मग जिथे वैरण आहे तिथून आणावी, हा सल्ला शहरात बसून देणं सोपं असतं. ट्रकात साखर कितीतरी जास्त वजनाची भरता येते. कडबा आठ टनांतच आभाळाला टेकतो. दोनशे किलोमीटरला बारा हजार रुपये भाडं धरलं तर किलोमागे दीड रुपया. सहा रुपयांच्या मालावर दीड रुपया म्हणजे पाव किंमत निव्वळ भाड्याची. पाचशे किलोमीटरवर निम्म्याहून जास्त. म्हणून वैरणीला देशाचा असा एक भाव कधीच नसतो. दर शे-दीडशे किलोमीटरला बाजार बदलतो. पंजाबात दरवर्षी भाताचा सुमारे दोन कोटी टन पेंढा निघतो आणि त्यातला बराच शेतातच पेटवला जातो. महाराष्ट्राच्या गुरांची दोनशे दिवसांची गरज आहे ती! पण दीड हजार किलोमीटर आणायचा म्हटला, तर पेंढ्यापेक्षा भाडंच जास्त. विदर्भात भाताचं तणस आणि कोकणात पेंढा निघतो, तोही पुष्कळसा भाड्यापायी जागेवरच राहतो.

त्यात सरकारी आदेशांची भर. दुष्काळ दिसू लागला की जिल्हाधिकारी जिल्ह्याबाहेर चारा नेण्यावर बंदी घालतात. हेतू चांगला असतो. परिणाम असा होतो की हद्दीच्या अलीकडे भाव दबतो, पलीकडे भडकतो आणि मधल्या चेकनाक्यावर तिसराच भाव तयार होतो. ज्याच्याकडे चार पेंढ्या शिल्लक आहेत असा कोरडवाहू ज्वारीवाला एरवी वर्षानुवर्षं तोट्यात असतो. त्याला दोन पैसे मिळायची वेळ येते, नेमकी तेव्हाच त्याची वाट अडवली जाते. मला हे कधीच पटलेलं नाही.

सरकारने छावण्याही उघडल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात छावण्यांतल्या जनावरांची संख्या दहा लाखांच्या घरात गेली. मोठ्या जनावरामागे दिवसाला ९० रुपये अनुदान होतं. सगळी मोठी धरली तर रोजचे नऊ कोटी रुपये, रोजचा पंधरा हजार टन हिरवा चारा आणि रोजचं किमान दहा हजार टन शेण. पण तो पंधरा किलो हिरवा चारा नीट तोलून बघा. त्यात तीन-चतुर्थांशाच्या वर पाणी असतं. कोरडा अंश उरतो तीन ते पावणेचार किलो, म्हणजे वर आपण हात आखडून धरलेल्या पाच किलोंपेक्षाही कमी. जनावर जगवायचं, दुधाचं नाव काढायचं नाही, असं ते माप होतं.

आणि हा चारा बहुतेक कशाचा? उसाचा! पाण्यावाचून छावणीत आलेल्या गुरांपुढे, हेक्टरी दोन कोटी लिटर पाणी पिणारं पीक तोडून टाकलं जात होतं. एका हेक्टर उसात लातूरच्या आठ गाड्या. दुसरं काही हिरवं शिल्लकच नव्हतं, म्हणून दोष कुणाला द्यायचा? त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कोल्हापूर-सांगलीत महापूर आला आणि तो ऊसच पाण्याखाली गेला. एकाच राज्यात, एकाच आठवड्यात, माणदेश-मराठवाड्यात छावण्या चालू होत्या आणि कृष्णाकाठी पुरातून सोडवलेल्या म्हशींसाठी चारा गोळा होत होता.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०११ मध्ये टेक्सासात भीषण अवर्षण पडलं. तिथलं शेतीचं एकूण नुकसान ७६२ कोटी डॉलर मोजलं गेलं. त्यातले ७५ कोटी डॉलर निव्वळ न पिकलेल्या वाळक्या गवताचे. शेकडो मैलांवरून गाठी आल्या, रुंद लादलेले ट्रक हमरस्त्यांवर येऊ देण्यासाठी राज्याने नियम सैल केले. तरी वर्षभरात तिथली गुरं १४ लाखांनी घटली. पुढच्या वर्षी दुष्काळ मक्याच्या पट्ट्यात सरकला आणि १ मे २०१३ ला अख्ख्या अमेरिकेतल्या शेतांवर मिळून गवताचा साठा उरला १ कोटी ४२ लाख अमेरिकी टन, १९५० पासूनचा सर्वांत कमी. महाराष्ट्राच्या गुरांनी तो साडेचार महिन्यांच्या आत संपवला असता. टेक्सासवाल्यांना गुरं विकून मोकळं होता आलं. आपल्याकडे २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. दुष्काळात बैलबाजार भरतो, पण घेणारा कुणी नसतो. जनावर दावणीलाच राहतं, वैरणीची मागणी तसूभर कमी होत नाही आणि भावाला वर जायला मोकळं रान मिळतं.

पाऊस पूर्वीही हुकायचा. बदललं ते त्याखालचं पीक. १९६०-६१ मध्ये राज्यात ज्वारी साठ लाख हेक्टरांच्या वर होती, आता ती वीस लाखांच्या आसपासही टिकत नाही. चाळीस लाख हेक्टर गेले. हेक्टरी दोनच टन कडबा धरला तरी दरवर्षी ऐंशी लाख टन वैरण नाहीशी झाली, सगळ्या राज्याच्या ऐंशी दिवसांच्या गरजेएवढी. त्या रानांत आज मोठ्या प्रमाणावर सोयाबीन आहे, आणि त्याचं भुसकट कडब्याची जागा घेऊ शकत नाही. दुसरीकडे गाई आता अधिक दुधाच्या, म्हणजे अधिक खाणाऱ्या. पूर्वी दोन वर्षांची गंजी राखून असणारी घरं होती. आता बहुतेकांची गंजी उन्हाळा काढते न काढते.

तीन जनावरांच्या घराला वर्षाला तीस-बत्तीस शेकडे लागतात. बाराशेच्या भावाने ३८ हजार, अडीच हजारांच्या भावाने ८० हजार. म्हणून एप्रिलच्या मध्यात हवामान खात्याचा पहिला अंदाज आला की गंजीवाला आणि गिऱ्हाईक दोघंही तो कान देऊन ऐकतात. अंदाज चांगला असला की गंजीवाला माल काढायला लागतो, कारण मृग वेळेवर बरसला तर तीन आठवड्यांत बांधाला हिरवं दिसतं आणि कडब्याला कुणी विचारत नाही. अंदाज वाईट असला की तो ताडपत्री आणखी घट्ट ओढून घेतो. जूनचा दुसरा आठवडा कोरडा गेला तर सगळ्यात महाग शेकडे त्याच दिवसांत विकले जातात, आणि पैसे तेव्हा बियाण्यालाही लागलेले असतात.