अंगावरून लाल जातंय? मग शिबिराची वाट बघू नका

गेल्या भागानंतर एका मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला: "आईची पाळी बंद होऊन चार वर्षं झाली. आता मध्येच अंगावरून लाल जातंय. पुढच्या महिन्यात शिबिर आहे, तेव्हा दाखवू का?"

नाही. याच आठवड्यात गायनॅककडे न्या.

स्क्रीनिंग म्हणजे काही त्रास नसताना केलेली चाळणी. आपल्या सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी ती दर ५ वर्षांनी असते. गर्भाशयमुखाला, म्हणजे पिशवीच्या तोंडाला, सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावतात आणि पांढरा डाग उठतो का ते बघतात.

पण त्रास सुरू झाला असेल, तर चाळणी पुरत नाही, कारण शोधावं लागतं. पाळी गेल्यावर रक्त, संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, घाण वासाचं पाणी: यातलं काहीही असो, वय कितीही असो, दाखवायचं. डॉक्टर आतून तपासतात, गरज वाटली तर सोनोग्राफी करतात किंवा छोटा तुकडा तपासायला पाठवतात. बरेचदा कारण साधंच निघतं. पण "मागचा रिपोर्ट नॉर्मल होता ना" म्हणून थांबू नका. तो रिपोर्ट तेव्हाचा होता.

आता एचआयव्हीसोबत जगणाऱ्या बायकांबद्दल. त्यांना या कॅन्सरचा धोका साधारण सहापट असतो. हा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो आणि प्रतिकारशक्ती कमी असली की शरीराला तो सहज घालवता येत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते: इतरांनी ३० पासून, पण यांनी २५ पासूनच एचपीव्ही टेस्ट करावी, आणि दर ३ ते ५ वर्षांनी. एआरटी सेंटरला औषध घ्यायला जाल तेव्हा विचारा, "माझं गर्भाशयमुखाचं स्क्रीनिंग कधी?" किडनी बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तरीही हाच प्रश्न डॉक्टरांना विचारा.

आणि "माझी पिशवी काढलीय" म्हणणाऱ्या मावशी, काकू? काही ऑपरेशनमध्ये पिशवीचं तोंड तसंच ठेवतात. ते असेल तर स्क्रीनिंग लागतंच. डिस्चार्ज कार्ड शोधा, डॉक्टरांना दाखवा.

आई स्वतःहून हे बोलणार नाही कदाचित. तुम्ही विचारा. अपॉइंटमेंटही तुम्हीच घ्या.