पुणे ते आडुतुरै: हिशेब किलोमीटरचा नव्हे, जागरणाचा

"रात्री दहाला पुणं सोडायचं, संध्याकाळपर्यंत कुंभकोणम. दुसऱ्या दिवशी नऊही ग्रह उरकायचे आणि लगेच परत." नवग्रहयात्रेचा, म्हणजे तामिळनाडूत कुंभकोणमच्या परिसरातली नऊ ग्रहांची देवळं करण्याचा, हा बेत लोक इतक्या खात्रीने सांगतात, की शंका काढणाराच भित्रा ठरतो. पुण्याहून कुंभकोणमजवळचं आडुतुरै सुमारे १,३०० किलोमीटर. सरासरी ताशी ६५चा वेग धरला, तरी नुसती चाकं फिरायलाच २० तास हवेत. मोबाइलवरचा नकाशा एवढंच सांगतो. चालवणारा कधीपासून जागा आहे, हे नकाशाला ठाऊक नसतं. सकाळी सातला उठून, दिवसभर ऑफिस करून दहाला निघालेल्या माणसाचे १७ तास मध्यरात्रीच भरतात. तेव्हा गाडी जेमतेम साताऱ्याजवळ असते, कराडसुद्धा यायचं असतं. १९९७ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉसन आणि रीड यांच्या प्रयोगात १७ तास जागलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी ढासळलेली आढळली. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. थेंबही न पिता ती ओलांडल्यासारखी अवस्था होते, आणि पुढे अख्खी रात्र उरलेली असते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "आम्ही दोघं आलटून पालटून चालवतो." उत्तम, पण शेजारचा खरोखर झोपला असेल तरच. चालकाला डुलकी लागू नये म्हणून रात्रभर गप्पा मारणारा पहाटे ताजातवाना कसा असेल? कॉफी थोडा वेळ तारून नेते; गाणी आणि उघडी काच तेवढंही करत नाहीत. १९६१च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने पगारी चालकाला दिवसाचे आठ तास आणि पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. रोज गाडी चालवणाऱ्यासाठी ही मर्यादा, आणि वर्षातून एकदा लांब पल्ल्यावर जाणाऱ्याने सलग वीस तास चालवायचं? वाटेत दोन मुक्काम धरले, तर हाच प्रवास माणसासारखा होतो.

आता "नऊ ग्रह एका दिवसात". होतात; नाही कोण म्हणतं? तामिळनाडूच्या एसटीने २०२४च्या फेब्रुवारीत कुंभकोणमहून नेमकी अशीच बस सुरू केली. पण तिचं वेळापत्रक नीट वाचावं: पहाटे पाचला सुटायचं आणि रात्री आठच्या सुमारास परतायचं. दुपारी बारा-साडेबारापासून चारपर्यंत इथली देवळं बंद असतात, त्यामुळे मधला वेळ जेवणात आणि वाट बघण्यात जातो. शिवाय चालक रस्ते जाणणारा, आणि प्रवासी आपल्या डुलक्यांनी कुणाचा जीव धोक्यात न घालणारे. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी दोन दिवस ठेवावेत. पहिल्या दिवशी सकाळी तिंगळूर, आलंगुडी, तिरुनागेश्वरम. चारनंतर आडुतुरैजवळचं सूर्यनार कोविल आणि कंजनूर. दुसऱ्या दिवशी वैद्यीश्वरन कोविल, तिरुवेंकाडु, कीळपेरुंपळ्ळम आणि कारैकालजवळचं तिरुनळ्ळार.

"मागे कॅरॅव्हॅन जोडली की दमणूकच नाही" हा नवा समज. पलंग सोबत आला, तरी स्टिअरिंगवर तोच माणूस असतो, आणि मागच्या वजनामुळे थांबायला अंतर जास्त लागतं. कावेरीच्या खोऱ्यातले आतले रस्ते अरुंद. कापणीच्या दिवसांत निम्म्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं, कडेला दगड मांडलेले. तिथे ट्रेलर मागे घ्यायची वेळ आली, तर झोपेचा सगळा फायदा तिथेच संपतो. ट्रेलर कुंभकोणमला उभा करून देवळं नुसत्या कारने करावीत.

ट्रेलरला वेगळी नोंदणी लागत नाही, हेही खोटं: १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ६१प्रमाणे त्याला स्वतःचा क्रमांक लागतो. दर्शन सूर्यापासूनच सुरू करावं लागतं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की ती एसटी बस पहिल्यांदा चंद्राच्या तिंगळूरला जाते. आणि नऊही देवळांत ग्रहच मुख्य देव आहेत असं नाही. सूर्यनार कोविल सोडलं तर बाकीच्या आठांत मुख्य देव शंकर आहे.