एका वाणाच्या अनेक चवी : बर्गंडीची पांढरी वाइन

आंब्याच्या दिवसांत मराठी घरांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो : पेटी देवगडची की रत्नागिरीची? घर बडोद्यात असो, इंदुरात असो वा बेळगावात, प्रश्न तोच. वाण एकच, हापूस; तरीही कोणत्या मातीतला हे कळल्यावाचून जाणत्याचे समाधान होत नाही. हाच प्रश्न द्राक्षाविषयी कित्येक शतके विचारीत राहिलेला आणि त्याचे उत्तर शेताच्या बांधाबांधागणिक लिहून ठेवणारा एक प्रदेश फ्रान्सच्या पूर्व भागात आहे. त्याचे नाव बर्गंडी. तेथील पांढऱ्या वाइनची ओळख वाचकांस करून द्यावी, असा या लेखाचा हेतू आहे. मद्यपानाचा पुरस्कार आम्हांस करावयाचा नाही. जे लोक या वाइनची पारख करण्याचा व्यवसाय करतात, तेदेखील घोट तोंडात घोळवून बहुधा थुंकून टाकतात. आमचे कुतूहल आहे ते रसनेला मिळणाऱ्या या विलक्षण शिक्षणाविषयी.

बर्गंडीच्या नामांकित पांढऱ्या वाइन जवळजवळ सर्वच शार्दोने या एकाच वाणाच्या द्राक्षांपासून होतात. या वाणाचे कुळ मोठे मनोरंजक आहे. १९९९ साली वनस्पतींच्या आनुवंशिक तपासणीतून असे सिद्ध झाले की, शार्दोने हे पिनो न्वार हे मानाचे काळे द्राक्ष आणि ग्वे ब्लां नावाचे एक पांढरे द्राक्ष यांच्या नैसर्गिक संकरातून जन्मले. पैकी ग्वे हे गरीब शेतकऱ्याचे, हलके मानले गेलेले वाण. थोर घराण्यातील आणि उपेक्षित घरातील अशा दोहोंच्या पोटी जन्मलेल्या या अपत्याने पुढे जगभर नाव काढले.

शार्दोनेचा एक विशेष असा की, त्याला स्वतःचा ठळक गंध फारसा नाही. म्हणूनच ज्या जमिनीत ते वाढते व ज्या हातांखाली त्याचा रस आंबतो, त्यांच्या खुणा ते सहज धारण करते. दिजों शहरापासून दक्षिणेकडे सुमारे ५० किलोमीटर पसरलेल्या ‘कोत दोर’ या चुनखडीच्या उतारावर सिस्टर्शियन पंथाच्या संन्याशांनी बाराव्या शतकापासून द्राक्षमळे जोपासले. १०९८ साली स्थापन झालेला त्यांचा सितो येथील मूळ मठ याच परिसरातला. कोणत्या तुकड्यातली द्राक्षे आधी पिकतात, कोणत्या तुकड्यातली वाइन अधिक टिकते, याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या साठत गेला. अशा नावानिशी ओळखल्या जाणाऱ्या प्रत्येक तुकड्यास तेथे ‘क्लिमा’ म्हणतात. २०१५ साली युनेस्कोने या क्लिमांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हा त्यांची संख्या १२४७ भरली.

या भेदाचे उत्तम उदाहरण पाहावयाचे तर पुलिन्यी-मोंराशे या गावी जावे. गावामागच्या टेकडीच्या मध्यावर मोंराशे नावाचा अवघा आठ हेक्टरांचा मळा आहे. त्याचा काही भाग शेजारच्या शासान्य गावात मोडतो. नावाचा अर्थ ‘उजाड टेकडी’. पण दोन्ही गावांना या उजाड टेकडीचा एवढा अभिमान की, १८७९ साली त्यांनी तिचे नाव आपापल्या नावास जोडून घेतले. मोंराशेच्या वरच्या अंगास शव्हालिए-मोंराशे आहे. तेथे माती पातळ, दगड फार. वाइन सडपातळ, सुगंधी आणि तरतरीत. खालच्या अंगास, केवळ एका अरुंद रस्त्यापलीकडे, बातार-मोंराशे. तेथे माती खोल व जड. वाइनही भरदार आणि मांसल. मधल्या मोंराशेत या दोहोंचा तोल साधतो, असे जाणकार मानतात. वाण तोच, ऊन तेच, पाऊस तोच. अंतर चालत पाच-दहा मिनिटांचे.

शेजारचे म्योरसो हे गाव भाजलेल्या सुक्या मेव्याच्या व लोण्याच्या आठवणी जागविणाऱ्या गोलसर वाइनसाठी प्रसिद्ध आहे. कोत दोरपासून बरेच दूर, वायव्येस, शाब्ली आहे. तेथील जमीन सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ. तिच्यात बारीक कालवांचे जीवाश्म आजही विपुल सापडतात. शाब्लीची वाइन काटक, धारदार आंबट; तिचे वर्णन हिरवे सफरचंद, लिंबाची साल आणि पावसात भिजलेला दगड अशा शब्दांनी करतात.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. भिजल्या दगडाचा वास येतो म्हणून दगड विरघळून वाइनमध्ये उतरला, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. भूशास्त्रज्ञांना तो मान्य नाही. वेलीची मुळे जमिनीतून जी खनिजद्रव्ये शोषतात, ती इतकी अल्प असतात की त्यांची चव जिभेला कळू नये. जमिनीचे कार्य वेगळ्या मार्गाने चालते : पाण्याचा निचरा किती होतो, माती किती लवकर तापते, उताराला सकाळचे ऊन कसे मिळते, यांवर फळाचे पिकणे व त्यातील आंबटपणा ठरतो. म्हणजे ‘भिजलेला दगड’ ही उपमा आहे, रासायनिक पृथक्करण नव्हे. पण उपमा म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. ज्या अनुभवाला भाषेत स्वतंत्र नाव नाही, तो दुसऱ्यापर्यंत पोहोचविण्याचा उपमेवाचून दुसरा मार्ग कोणता?

मात्र सगळ्याच खुणा भूमीच्या नसतात. द्राक्षातील मॅलिक आम्ल, म्हणजे कच्च्या सफरचंदातील बोचरे आम्ल, सूक्ष्म जीवाणूंच्या क्रियेने लॅक्टिक आम्लात, म्हणजे दह्यातील सौम्य आम्लात, बदलते. त्या वेळी निर्माण होणाऱ्या एका द्रव्यामुळे लोण्याचा वास येतो. व्हॅनिलाचा व भाजल्याचा गंध येतो तो २२८ लिटरांच्या ओक लाकडाच्या पिंपांतून. तळाशी बसलेला यीस्टचा साका काठीने ढवळला की वाइनला साईसारखा दाटपणा येतो. गारगोट्या एकमेकींवर घासल्यावर किंवा काडी ओढल्यावर येणारा वास काही गंधकयुक्त संयुगांचा. या साऱ्या माणसाच्या खुणा. त्या बाजूला सारून आंबटपणाची धार, घोटाचे वजन आणि गिळल्यानंतर वा थुंकल्यानंतर चव किती काळ रेंगाळते याकडे लक्ष दिले, म्हणजे जागेची ओळख पटू लागते. परीक्षकाचे खरे कौशल्य मानवी करणी आणि भूमीचे देणे यांचा असा विवेक करण्यात आहे. त्यासाठी वाइन बर्फासारखी गार करून चालत नाही. अति थंडीत गंध मुका होतो. दहा ते तेरा अंश तापमान उचित मानतात.

जागेचा हा अभिमान अहंकारात बदलू नये, याचा धडा बर्गंडीला १९७६ साली मिळाला. २४ मे रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी बाटल्यांवरील नावे झाकून तुलना केली, तेव्हा शार्दोनेच्या वाइनमध्ये पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या बाटलीला गेला. म्योरसोची एक वाइन दुसरी आली. उत्तमता ही कोणा एका गावाची मिरास नव्हे, हे त्या दिवशी सिद्ध झाले. परंतु पहिली आलेली वाइन म्योरसोची नव्हती, हेही तितकेच खरे. श्रेष्ठत्व दुसऱ्याकडे जाऊ शकते. ओळख जाऊ शकत नाही. निदान तसे वाटत होते.

आज मात्र त्या ओळखीवरच दोन बाजूंनी संकट आले आहे. पहिले बाटलीच्या आत. उत्तम पांढरी बर्गंडी वीस-वीस वर्षे मुरते आणि तिच्यात मध, अक्रोड व अळंबी यांच्या छटा येतात, अशी ख्याती होती. परंतु १९९५-९६ आणि त्यानंतरच्या हंगामांतील कितीतरी बाटल्या सात-आठ वर्षांतच गडद पिवळ्या, डागाळलेल्या सफरचंदाच्या वासाच्या, निष्प्राण निघू लागल्या. एकाच खोक्यातील एक बाटली टवटवीत तर दुसरी मेलेली. मुलाच्या जन्माच्या वर्षाची बाटली त्याच्या सज्ञान होण्याच्या दिवसासाठी जपून ठेवणाऱ्याच्या हाती काय पडेल, याची शाश्वती उरली नाही. बुचांतील दोष, गंधकाचे घटविलेले प्रमाण, द्राक्षे दाबण्याची बदललेली रीत, साक्याचे अति ढवळणे अशी अनेक कारणे पुढे आली. एकच एक कारण म्हणून बोट दाखविता आले नाही.

दुसरे संकट आकाशातून आले. बोन या गावी द्राक्षतोडणी केव्हा सुरू झाली, याची १३५४ पासूनची मालिका संशोधकांनी जुन्या दप्तरांतून जुळविली व २०१९ साली प्रसिद्ध केली. १९८७ पर्यंतच्या सहा शतकांहून अधिक काळात तोडणी सरासरीने २८ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होई. १९८८ ते २०१८ या काळात ती सरासरी तेरा दिवस अलीकडे आली. २००३ च्या उन्हाळ्यात तर ऑगस्टमध्येच द्राक्षे उतरवावी लागली. उष्णतेने साखर वाढते, आम्ल घटते. आणि या वाइनचा कणा तर आम्ल हाच. शिवाय ऊबदार मार्चमुळे कोंब लवकर फुटतात आणि एप्रिलच्या हिमकडाक्यात करपतात. एप्रिल २०२१ मध्ये शेतकऱ्यांनी रात्री मळ्यांतून मोठ्या मेणबत्त्यांच्या रांगा पेटवून कोंब वाचविण्याची शिकस्त केली. तरीही त्या वर्षीचे पीक अत्यल्प आले.

शेतकरी हातावर हात ठेवून बसलेला नाही. कोणी छाटणी उशिरा करून कोंबांना थोपवितो, कोणी साका ढवळणे कमी केले आहे, कोणी नैसर्गिक बूच सोडून बारीक कणांचे एकसारखे घट्ट बूच वापरू लागला आहे. त्यांची धडपड केवळ चांगली वाइन करण्यासाठी असती तर ती एवढी कठीण नव्हती. चांगली वाइन जगात अनेक ठिकाणी होते. त्यांना राखावयाचा आहे तो रस्त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मळ्यातला भेद. उन्हाने सगळीच द्राक्षे सारखी गोड झाली, तर शाब्ली कोणती आणि म्योरसो कोणती हे जिभेला सांगता येणार नाही. नकाशावर मात्र १२४७ नावे तशीच राहतील. चवीवाचून उरलेले नाव म्हणजे नुसती पाटी. तशी वेळ येऊ नये म्हणून त्या उतारावरची माणसे आज छाटणीच्या कात्र्या घेऊन थंडीत उभी असतात.