सामान्य ख्रिस्ती माणसानें आपला विश्वास कां सांगावा?
(नभोवाणीवरील भाषण)



आपल्या ख्रिस्ती मंडळींत एक समजूत फार दृढ झाली आहे. धर्माविषयीं बोलणें हें पाळकाचें, धर्मगुरूचें किंवा पगारी उपदेशकाचें काम. आपण रविवारीं उपासनेस जावें, वर्गणी द्यावी, शेजाऱ्यापाजाऱ्यांशीं गुण्यागोविंदानें राहावें, म्हणजे आपलें कर्तव्य संपलें. ही समजूत सोयीची आहे यांत शंका नाहीं. ती खरी आहे काय, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

प्रथम शास्त्राकडे वळूं. प्रेषितांचीं कृत्यें ह्या पुस्तकाचा आठवा अध्याय काढून पाहा. यरुशलेमेंत छळ सुरू झाला तेव्हां प्रेषित तेथेंच राहिले. पांगले ते सामान्य विश्वासणारे, आणि जेथें जेथें ते गेले तेथें तेथें त्यांनीं सुवार्ता सांगितली. अकराव्या अध्यायांत कुप्र व कुरेने येथील कांहीं माणसांनीं अंत्युखियांत ग्रीक लोकांना प्रभूविषयीं सांगितल्याचें वर्णन आहे. त्याच नगरांत शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हें नांव प्रथम मिळालें. त्या सांगणाऱ्यांचीं नांवें मात्र लूकानें दिलेलीं नाहींत. आपण जें नांव अभिमानानें मिरवितों, त्याच्या मुळाशीं अशा अनामिक माणसांचे श्रम आहेत.

आतां आपल्या महाराष्ट्रांतील उदाहरण घ्या. कवि नारायण वामन टिळक १८९३ च्या सुमारास नागपुराहून राजनांदगांवाकडे आगगाडीनें जात असतां त्यांच्या डब्यांत एक गोरे गृहस्थ भेटले. आधीं काव्याविषयीं बोलणें झालें, मग धर्माविषयीं. निरोप घेतांना त्या गृहस्थांनीं टिळकांस नव्या कराराची एक प्रत दिली, ती वाचण्याची विनंति केली, आणि ते आपल्या वाटेनें गेले. टिळक डोंगरावरील प्रवचनापाशीं आले आणि त्यांच्यानें पुस्तक खालीं ठेववेना. पुढें पुष्कळ विचार व मनाची घालमेल होऊन १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. मराठी मंडळ्यांत आज गायिलीं जाणारीं कितीतरी पदें टिळकांचीं आहेत.  त्या सहप्रवाशानें त्या दिवशीं खिडकीबाहेर पाहात वेळ काढला असता, तर त्यास कोणीं दोष दिला नसता.

ह्याच घरांतील दुसरी गोष्ट तितकीच बोधप्रद आहे. टिळकांच्या बाप्तिस्म्यानें लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. पतिपत्नी कित्येक वर्षें वेगळीं राहिलीं. पुढें त्या पतीजवळ येऊन राहिल्या, तरी आपलें सोवळें त्यांनीं सांभाळलें, आणि टिळकांनीं तें सांभाळूं दिलें. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला तो आपल्या मनाच्या निर्णयानें. ‘स्मृतिचित्रें’ ज्यांनीं वाचलीं आहेत, त्यांस हें सांगावयास नको.

येथें आक्षेपक विचारील, सर्वत्र असेंच घडलें काय? नाहीं, आणि तें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. आमच्या घिवलीजवळ तारापूरचा पोर्तुगीजकालीन किल्ला आहे. १७३९ सालीं तो मराठ्यांनीं जिंकला व त्याच वर्षीं वसईहि पडली. त्या अमलांत ह्या किनाऱ्यावर धर्म राज्यसत्तेचा हात धरून आला. देवळें पाडलीं गेलीं, लोकांवर दडपण आलें. पुढें मिशनांच्या काळांत शाळा, दवाखाने व दुष्काळांतील धान्य ह्यांच्या बरोबरीनें सुवार्ता आली, तेव्हां ‘हे पोटासाठीं बाटले’ असें म्हणावयास लोकांना निमित्त मिळालें. आज शेजाऱ्याच्या मनांत संशय असेल, तर तो अगदींच निराधार नाहीं.

परंतु ह्या आक्षेपाला खरें उत्तर सामान्य माणसाजवळच आहे. बोईसरच्या कारखान्यांत काम करणारा मजूर, अंगणांत बोंबील वाळत घालणारी बाई किंवा माझ्यासारखा निवृत्त मास्तर, ह्यांच्या हातीं ना सत्ता, ना नोकरी देण्याचा अधिकार, ना धान्याचें कोठार. त्याच्या शब्दामागें लोभ नाहीं आणि भीतिहि नाहीं. ज्याच्याजवळ देण्यासारखें दुसरें कांहींच नाहीं, त्याची साक्ष निर्मळ राहते.

आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमानें सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य ह्यांच्या मर्यादेंत प्रत्येकास आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, प्रसार म्हणजे आपलीं तत्त्वें समजावून सांगणें. दुसऱ्याचें धर्मांतर करण्याचा हक्क त्यांत येत नाहीं. हा निर्णय कित्येकांस जाचक वाटला. तथापि पेरणें व पाणी घालणें माणसाचें आणि वाढविणें देवाचें, हा भेद पौलानें करिंथकरांस पूर्वींच शिकविला होता.

मग सांगावें कसें? कोणीं विचारल्यास टाळूं नये, आणि पेत्राच्या उपदेशाप्रमाणें सौम्यपणें उत्तर द्यावें. दुसऱ्याच्या देवतांची निंदा करूं नये. त्याचेंहि ऐकून घ्यावें. आजारी किंवा कर्जबाजारी माणसास मदत करावी ती मदत म्हणूनच. त्याच्या अडचणीची संधि साधूं नये. ऐकणारा नको म्हणाला, तर विषय तेथेंच सोडावा, आणि दुसऱ्या दिवशींचा चहा पूर्वीप्रमाणेंच त्याच्याबरोबर घ्यावा.

२०११ च्या शिरगणतीप्रमाणें महाराष्ट्रांत ख्रिस्ती लोक शेंकडा एकाहून किंचित् कमीच आहेत. म्हणजे बहुतेकांना ख्रिस्ताची ओळख होते ती ऐकीव गोष्टींवरून. ज्याच्या दुःखांत त्यास धीर मिळाला, ज्याच्या घरांतील व्यसन ज्या विश्वासानें सुटलें, त्यानेंच तोंड मिटून घेतलें, तर शेजाऱ्याला खरी हकीगत कळणार कोठून? पिशाच्चबाधेंतून मोकळ्या झालेल्या त्या गरसेकर मनुष्यास प्रभूनें दूरदेशीं धाडलें नाहीं. घरीं जाऊन आपल्या माणसांना सांगावयास सांगितलें. आपल्यांतील बहुतेकांना मिळालेली आज्ञा एवढीच आहे, आणि ती पाळण्यास विद्वत्ता किंवा वेतन लागत नाहीं.